घरात ‘नाही’ म्हणायचं नाही

आत्मचरित्र ऐकायचं तर ते कुकरच्या शिट्टीसकट ऐकावं, असं माझं मत आहे. माझी नजर गेली आणि वाचन बंद पडलं तेव्हा पुण्याच्या एका ग्रंथालयातून पोस्टानं कॅसेटा यायला लागल्या. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं. कुणी कुणी बायका आपापल्या घरी बसून, दुपारची कामं उरकून, आमच्यासाठी पुस्तकं वाचून ठेवायच्या. त्यातल्या एका बाईंच्या मागे कुकर चालू असायचा. शिट्टी झाली की त्या वाक्य अर्ध्यात सोडून उठायच्या, गॅस बारीक केल्याचं ऐकू यायचं, मग परत येऊन तेच वाक्य पहिल्यापासून वाचायच्या. कुणा निवृत्त हेडमास्तरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान मी तीन शिट्ट्यांमध्ये ऐकला. पण त्या बाईंवर माझा विश्वास बसला. त्यांच्या घरात डाळ शिजत होती, म्हणजे त्या खऱ्या होत्या.

याउलट माझ्या नवऱ्यानं आणलेली कॅसेट. तिच्यात काहीच आवाज नव्हता. भांडं नाही, कुत्रं नाही, रिक्षा नाही, खोकला नाही. नुसता एक पुरुषाचा गुळगुळीत आवाज, आणि मागे बासरी. त्या माणसाला घर असेल असं मला कधी वाटलंच नाही.

माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं. सासर सांगलीला. नवरा साखर कारखान्यात टाइमकीपर होता. लग्नाच्या वेळीही मला दिवेलागणीनंतर नीट दिसत नव्हतं, पण ते कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मला वाटायचं, अंधारात सगळ्यांनाच असंच दिसतं. नवी सून तांब्याला ठेचकाळते, ताट उलथवते, म्हणून मी वेंधळी ठरले. लेक झाली त्यानंतर बाजूचं दिसणं कमी होत गेलं. समोरचा माणूस दिसायचा, त्याच्या शेजारी उभा असलेला दिसायचा नाही. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बत्ती मारून मारून पाहिलं आणि सांगितलं, डोळ्याचा पडदा वाळत चाललाय, याला औषध नाही. थोडा उजेड आहे तोवर काठी घेऊन चालायला शिका. तिथंच मिरजेत एक मास्तर, स्वतः अंध, आठवड्यातून एकदा शिकवायचे. डॉक्टरांनी पत्ता दिला. ग्रंथालयाचा पत्ताही त्यांनीच दिला.

नवऱ्यानं दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या. ग्रंथालयाला पत्र टाकलं. काठीच्या मास्तरांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

त्याच सुमारास कारखान्यानं कामगारांसाठी शिबिर ठेवलं होतं. मन कसं घडवायचं, यश कसं मिळवायचं, वगैरे. शहरातून एक सर आले होते. नवरा सकाळी गेला तेव्हा टाइमकीपर होता, संध्याकाळी आला तेव्हा वेगळाच कुणीतरी. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यानं आबांनी मिलिटरी कॅन्टीनमधून आणून दिलेल्या आमच्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि मला समोर बसवलं. आबा म्हणजे माझे वडील.

सर सांगत होते की तोंडातून निघालेला शब्द आपलं शरीर ऐकत असतं. ‘मी आजारी आहे’ म्हणाल तर शरीर आजारी पडेल. ‘नाही’ हा शब्द घरातून हद्दपार करा. जे हवंय ते झालंच आहे असं बोला, झालंच आहे असं वागा. एका बाजूला एवढंच, पुन्हा पुन्हा, उलटसुलट करून. दुसऱ्या बाजूला डोळे मिटून करायचे व्यायाम. डोळे मिटा म्हटल्यावर मला हसू आलं. नवऱ्याला नाही आलं.

“हसू नको,” तो म्हणाला. “लय मोठमोठी माणसं बरी झाल्यात ह्यानं.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातून ‘नाही’ गेलं. साखर संपली की संपली म्हणायचं नाही. साखर दुकानात आहे म्हणायचं. लाइट गेले तर लाइट येणार आहेत. दूध नासलं त्या दिवशी लेकीनं खूप विचार करून सांगितलं, “पप्पा, आज पनीर आहे.” तो खूश झाला, तिला उचलून घेतलं. मीही हसले. तोवर ते सगळं खेळासारखं होतं. आमची लेक तेव्हा दुसरीत होती आणि खेळाचे नियम पाळण्यात मोठी काटेकोर.

मग खेळ माझ्यावर आला. मला दिसत नाही, हे घरात कुणी म्हणायचं नाही. मीसुद्धा नाही. पाहुणे आले की नवरा त्यांना दारातच गाठून कुजबुजायचा. मग ते आत येऊन माझ्यापुढे लग्नाचे फोटो धरायचे आणि मी “वा, साडी काय सुंदर आहे” म्हणायची. साडी खरंच आहे की तो देखावा आहे, हे मला कुठून कळणार? एकदा एका बाईंनी फोटो उलटा दिला, बोटांना मागचा खरखरीत कागद लागला. मी वा म्हणाले, त्याही वा म्हणाल्या. त्या गेल्यावर मी भिंतीला डोकं टेकून बसले आणि मला इतका राग आला की माझे दात दुखायला लागले. मला घरातली वस्तू कुठे ठेवलीय ते कुणी सांगेना, कारण सांगणं म्हणजे मला दिसत नाही असं मानणं. खुर्ची सरकवली तर सरकवली. माझ्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

मी म्हटलं, “मला मिरजेला जाऊ द्या. काठी शिकते.”

“काठी घेतलीस म्हंजे संपलं,” तो म्हणाला. “तू हार मानलीस असं तुझ्या डोळ्यांना कळंल.”

वाईट माणूस नव्हता तो. हे सांगितलंच पाहिजे, कारण ऐकणाऱ्याला वाटेल मी त्याच्यावर सूड उगवते आहे. रोज कामाला जायच्या आधी तो न्हाणीत नळ सोडून रडायचा. नळाच्या आवाजाखाली रडणं लपतं असं डोळसांना वाटतं. त्यानं आयुष्यभर कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजवला होता. आणि इथं त्याची बायको त्याच्यासमोर अंधारात चालली होती आणि त्याला कुठलंही बटण सापडत नव्हतं. सरांनी त्याला एक बटण दिलं. त्यानं ते दाबून धरलं.

मी दिवसभर ग्रंथालयाच्या कॅसेटा ऐकायची. त्यांच्याबद्दलही माझी मतं काही गोड नाहीत. आत्मचरित्रातल्या आया फार चांगल्या असतात. कधी चिडत नाहीत, उपाशी राहतात आणि पोराला वाढतात, आणि पोरगं मोठं होऊन ते लिहितं. माझी आई चिडायची. भूक लागली की जास्त चिडायची. दुसरं म्हणजे त्यातला माणूस पडला की आपल्याला ठाऊक असतं हा उठणार आहे. नाहीतर पुस्तक कुणी लिहिलं असतं आणि कुकरच्या शिट्ट्यांमधून ते वाचलं कुणी असतं? जे पडले आणि पडूनच राहिले त्यांची कॅसेट निघत नाही. मी ऐकता ऐकता कितीदा तरी टेप बंद करून विचारलंय, बाई, माझं काय?

एक आत्मचरित्र आमच्यासारख्या वस्तीतल्या माणसाचं होतं. आमची घरं धर्मांतरातली, वस्तीत विहार, विहारात दोन कपाटं पुस्तकांची. मी वाचायला शिकले ती तिथंच. तर त्या पुस्तकात आमच्याकडची बोली होती आणि वाचणाऱ्या बाई अशा जपून वाचत होत्या की एकेक ‘हाय’ आणि ‘न्हाई’ जणू काचेच्या कपाटातून काढून दाखवतायत. शिवी आली की थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुढच्या परिच्छेदावर उतरायच्या. मला ते उडी मारणं ऐकू यायचं. पण खरं सांगते, त्या पुस्तकानं मला धीर दिला. त्यात लिहिणारा माणूस भूक लागली की भूक म्हणत होता. अपमान झाला की अपमान म्हणत होता. कुठलंही वाक्य सुंदर करून सांगत नव्हता. मी ती कॅसेट ठरलेली तारीख उलटून गेली तरी परत पाठवली नाही.

आबा वर्षातून दोनदा यायचे, तांदूळ घेऊन. त्या वेळी आले आणि पहिल्याच जेवणाला त्यांना सगळं कळलं. मी भाकरीसाठी हात पुढे केला, भाकरीचं ताट हाताच्या बाजूला राहिलं, आणि कुणी काही बोललं नाही. लेकसुद्धा नाही. आबांनी ताट उचलून माझ्या हातात दिलं.

“हितं हाय, बाय,” ते म्हणाले.

कितीतरी दिवसांनी मला कुणी ‘इथे आहे’ म्हणालं होतं.

जेवणं झाल्यावर नवऱ्यानं त्यांनाही कॅसेट ऐकवली. आबांनी एक बाजू पूर्ण ऐकली. ते फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले होते, कुणाचंही बोलणं मध्ये तोडत नसत. बटण खट्ट करून वर आल्यावर म्हणाले, “जावईबापू, फौजंत लंगडणाऱ्याचा लंगडा म्हणूनच रिपोट द्यावा लागतो. तवा कुठं त्याला दुसरी ड्यूटी मिळती. चांगला हाय म्हणून लायनीत हुबा केला, तर त्यो बी जातो न् शेजारचा बी.”

“मामा, मन खचलं की माणूस खचतो,” नवरा म्हणाला. “आवं, आपल्या धम्मात पण हेच हाय. सगळं मनातनंच होतंय.”

“त्ये हाय. पण विहारात पयलं काय शिकिवत्यात?”

नवरा कॅसेट काढून डबीत घालायला लागला.

“पयलं आर्यसत्य काय?” आबांनी पुन्हा विचारलं, रागानं नाही, हजेरी घेतात तसं. “दुःख हाय. हाय म्हणूनच सांगितलंय. त्ये म्हटल्याबिगर फुडचं येत न्हाई. तुमी पयलंच गाळून तिसऱ्यावर, दुःख मिटल्यावर, गेलाय.”

मला वाटलं आता काहीतरी होईल. नवरा उठला आणि न्हाणीत गेला, नळ सुरू झाला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज सरांसारखा झाला होता. “मामा, तिला दिसणार हाय,” तो म्हणाला. “माझा विश्वास हाय.” आबा दोन दिवसांनी गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांनाही माझ्या संसारात याहून पुढे पाऊल टाकवेना. बापाला कुठवर बोलता येतं, याची एक रेघ आमच्याकडे असते आणि आबा रेघ ओलांडणारे नव्हते. मला त्यांचा त्या दिवशी फार राग आला. मला हाताला धरून मिरजेला नेलं असतं तर काय झालं असतं?

पुढची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. सांगलीत त्या वेळी टेलिफोनच्या केबलींसाठी रस्ते खणत होते. ज्याला त्याला फोन हवा होता. आमच्या गल्लीतून गिरणीपर्यंत जायचं म्हणजे कुठे चर, कुठे मातीचा ढीग. लेक शाळेतून आली की तिचं बोट धरून मी दळण आणायला जायची. गिरणीचा आवाज, तेलाच्या घाण्याचा वास, मग डाव्या हाताला वळण, एवढं मला येत होतं. उरलेलं ती.

त्या दिवशी परत येताना तिनं माझं बोट एकदम बाजूला ओढलं. मला वाटलं दुकानात गोळ्या दिसल्या असतील. डोक्यावर पिठाचा डबा होता. मी म्हटलं, “ओढू नको गं, काय आहे पुढे?”

ती म्हणाली, “छान रस्ता आहे, आई.”

आवाज कापत होता तिचा. आता मला तो कापणारा आवाज रोज ऐकू येतो. तेव्हा आला नाही. तिनं पुन्हा ओढलं, मी तिला दटावलं आणि पाऊल टाकलं.

चर कमरेएवढा होता. पिठाचा डबा फुटला, मी डाव्या हातावर पडले आणि मनगटात काहीतरी ओल्या काटकीसारखं तुटलं. माणसं धावली. मला वर काढलं, रिक्षात घातलं, कुणीतरी कारखान्यात निरोप धाडला. लेक माझ्या पदराला धरून सगळीकडे होती आणि तिच्या तोंडून एक अक्षर नव्हतं. रडतसुद्धा नव्हती. सात वर्षांचं पोर इतक्या गोंधळात रडत नाही, याची मला मनगटापेक्षा जास्त भीती वाटली.

हाडांच्या डॉक्टरांनी हात बघत बघत सहज विचारलं, “एवढा मोठा खड्डा, दिसला नाही का हो?”

मी म्हटलं, “मला दिसत—”

आणि लेकीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात. पिठानं भरलेले, गार पडलेले, आणि एवढ्या जोरानं दाबलेले की माझा ओठ दातांवर कापला.

“म्हणू नको,” ती म्हणाली. “आई, म्हणू नको. उरलेलं पण जाईल.”

डॉक्टरांचे हात थांबले. मी तिचे हात तोंडावरून काढले नाहीत. माझ्या चांगल्या हातानं तिला जवळ ओढलं आणि तशीच बसून राहिले. एवढीशी पोर महिनोन् महिने माझे डोळे आपल्या तोंडात धरून चालली होती आणि मला वाटत होतं ती खेळ खेळते आहे.

नवरा आला तेव्हा प्लास्टर ओलं होतं. त्याच्या चपलांचा आवाज दारात ऐकताच ती माझ्यापासून सुटून धावली.

“पप्पा, आई छान आहे,” ती म्हणाली. “मी खड्डा म्हटलं नाही पप्पा. एकदापण नाही म्हटलं.”

मग मला तो भिंतीला धरून खाली बसल्याचं ऐकू आलं. तिथं नळ नव्हता. दवाखान्यातल्या सगळ्यांनी ते रडणं ऐकलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “डॉक्टर, हिला दिसत न्हाई. दिसणार बी न्हाई.” मला सांगायला लाज वाटत नाही, ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तुटका हात विसरून गेले. आजवर ऐकलेल्या सगळ्या कॅसेटांमध्ये त्याच्या तोडीचं वाक्य मला सापडलेलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर त्यानं मला स्वतः मिरजेला नेलं. काठीच्या मास्तरांच्या दारात तो दर आठवड्याला बसून राहायचा, मी येईपर्यंत. मी शिकले. गिरणी, बाजार, विहार, पुढे एकटीनं एसटीत बसून मेढ्यापर्यंत. सरांची कॅसेट त्यानं फेकून दिली की कुणाला दिली मी विचारलं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की असल्या कॅसेटा ऐकणाऱ्याचं काय होतं ते ऐकणाराच बघून घेईल. तो मोठा असतो, बटण त्याच्या हातात असतं. पण टेप आहे त्या खोलीत आणखी कोण बसलंय, ते त्या बासरीवाल्या सरांना दिसत नाही.

घरात सगळं पुन्हा बोललं जायला लागलं. साखर संपली, लाइट गेले, पाय घसरेल, डावीकडे खुर्ची आहे. नवरा तर इतकं सांगायचा की मला पुरे म्हणावं लागायचं. लेकीला आम्ही दोघांनी जवळ बसवून सांगितलं की बोलल्यानं काही होत नसतं, तुझ्या बोलण्यानं माझे डोळे गेले नाहीत आणि न बोलण्यानं राहिले नाहीत. तिनं मान हलवली असं नवरा म्हणाला. चौथीत असताना एके दिवशी शाळेतल्या बाई तिला घरी सोडायला आल्या. म्हणाल्या, सकाळपासून बाकावर डोकं ठेवून आहे, विचारलं तर काही होत नाही म्हणते. मी तिला जवळ घेतलं तर अंग नुसतं भाजत होतं. “काय होतंय बाळा?” मी विचारलं.

“छान आहे,” ती म्हणाली.

तेव्हापासून मी तिला विचारणं सोडून दिलं. शाळेतून आली की आधी कपाळाला हात लावायची, मग गालाला, मग तळहात चाचपायची. ती मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन लांब गेली. दर रविवारी तिचा फोन येतो. आता मला विचारावंच लागतं, कशी आहेस, आणि ती म्हणते, छान आहे आई. मी कान लावून ऐकत बसते. मागे कुठे कुकर लागलाय का, कुणी बोलतंय का, नळ चालू आहे का. फोनवरून कपाळाला हात लावता येत नाही.